डब्यातला वाफसा: सांगलीच्या हवेत टॅरँटुला सांभाळताना

पहिल्या वर्षीची गोष्ट. एप्रिलची दुपार, तीनचा सुमार. विश्रामबागेत आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, त्यामुळे स्लॅब तव्यासारखा तापलेला. कपाटावर ठेवलेल्या डब्यातला मीटर ३७.८ दाखवत होता आणि आतली कोळीण पाण्याची वाटी पायांत धरून बसली होती. माझ्या हातात विकणाऱ्यानं दिलेला कागद होता: हीट लॅम्प लावा, रोज तीनदा पाणी फवारा. लॅम्पही त्यानंच गळ्यात मारला होता, साडेआठशे रुपयांना.

तो कागद थंड देशातल्या माणसानं थंड देशातल्या माणसासाठी लिहिलेला होता. तिकडे हिवाळ्यात घरात हीटर चालतो, हवा कोरडी पडते, खोली गार असते. त्यांना ऊब विकत आणावी लागते. आपल्याला सांगलीत वर्षातले तीन महिने ऊब घालवायची असते, तीन-चार महिने ओल घालवायची असते, आणि उरलेल्या दिवसांत डब्याला हात न लावणं हेच काम असतं. इथल्या घरात नव्यानं टॅरँटुला, म्हणजे पाळायचा मोठा केसाळ कोळी, आणणाऱ्यांसाठी हे लिहितोय. साताऱ्याला थोडं वेगळं, महाबळेश्वर-पाचगणीला बरंच वेगळं, ते ओघात येईलच.

आधी कोळी कुठल्या गावचा ते बघा

'टॅरँटुलाला दमट हवा लागते' हे वाक्य 'माणसाला भात लागतो' इतकंच खरं आहे. चिलीचा रोज हेअर, म्हणजे ग्रॅमोस्टोला, कोरड्या माळरानातला. त्याला ओल्या मातीवर ठेवलं तर तो पाय उंचावून काचेवर चढतो आणि दिवसेंदिवस खाली उतरत नाही. मेक्सिकन रेड नी मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडचा. तिकडे लांब कोरडा ऋतू आणि मग पाऊस, बराचसा आपल्यासारखाच. मध्य अमेरिकेतला कर्ली हेअर यांच्यापेक्षा थोडी जास्त ओल मागतो, पण चुका पोटात घालतो. नवख्यानं यापैकीच एक घ्यावा. दक्षिण अमेरिकेतला गोलायथ बर्डईटर खरोखर दमट जंगलातला आहे, त्याला माती कायम ओली लागते. तो पाहुणा म्हणून बघायला छान, पहिला कोळी म्हणून नको. झाडावर राहणारे पिंक टो हे आणखी वेगळं प्रकरण. त्यांना ओल हवी, पण वाहती हवा त्याहून जास्त हवी. कोंदट डब्यात ते पटकन मरतात आणि मालक मात्र समजतो की ओल कमी पडली.

आपल्याकडचे कोळी जंगलातून उचलून आणू नका. सह्याद्रीत बिळात राहणारे जांभळट कोळी आहेत, झाडाच्या ढोलीत राहणारे ऑर्नमेंटल म्हणजे पोसिलोथेरिया आहेत. पोसिलोथेरियाचं विष टॅरँटुलांमध्ये बरंच जहाल, आणि ही अख्खी प्रजाती 'साइटीस'च्या, म्हणजे वन्य जिवांच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे. मेक्सिकन रेड नीसुद्धा त्याच यादीत येतो. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर या यादीतला जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. त्यामुळे विकत घेताना कागद मागा. विकणारा कागदाचं नाव काढताच विषय बदलत असेल तर आपणही दुकान बदलावं.

डबा आणि भोकं

जमिनीवरच्या कोळ्यासाठी डब्याची लांबी पाय पसरलेल्या कोळ्याच्या तिप्पट पुरते. उंची कमीच हवी: मातीपासून झाकणापर्यंत कोळ्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीपेक्षा जास्त नको. हा प्राणी जड पोटाचा असतो, फूटभरावरून पडला तरी पोट फुटू शकतं. झाकणाला धातूची जाळी लावू नका, पायाची नखं तिच्यात अडकतात.

भोकं हा खरा मुद्दा. बहुतेक जण झाकणाला दहा भोकं पाडून मोकळे होतात. हवा खेळायची तर एका बाजूला मातीच्या जरा वर एक ओळ आणि समोरच्या बाजूला झाकणाखाली एक ओळ पाडायची. ऊन हवा वरच्या भोकांतून निघते आणि खालून नवी आत येते. जुन्या वाड्यात छपराला झरोका आणि खाली खिडकी असायची, तेच गणित. सोल्डरिंग गनच्या टोकानं दोन-तीन मिलिमीटरची भोकं सहज पडतात. प्लास्टिकचा धूर निघतो, म्हणून हे काम गच्चीवर करा, आणि कडा पॉलिश पेपरनं घासून घ्या. मोठ्या कोळ्याच्या पुढच्या टणक भागाहून भोक लहान असलं की तो निसटत नाही. पिल्लांना एक मिलिमीटर पुरे.

माती: इथं घाई करायची नाही

नर्सरीत कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याची, ६५० ग्रॅमची वीट मिळते. पाण्यात फुगली की आठ-नऊ लिटर भरते. खत मिसळलेली घेऊ नका. एक-दोन पाण्यांनी धुवून घ्या, म्हणजे क्षार निघून जातात. नुसत्या कोकोपीटवर काम भागतं, पण बीळ टिकावं असं वाटत असेल तर तिसरा हिस्सा लाल माती मिसळा. कृष्णाकाठची काळी माती वापरू नका. ओली असताना चिकट चिखल, वाळली की भेगा, आणि बीळ अंगावर कोसळतं. माती उन्हात दोन-तीन दिवस पसरून ठेवा, किंवा जुन्या घमेल्यात परतून घ्या. घमेल्यात म्हणतोय. मी आईच्या कढईत परतली होती, तो विषय अजून मिटलेला नाही.

द्राक्षबागेतली माती तर चुकूनही नको. तासगाव, मिरज, कवठे महांकाळ या पट्ट्यातले बरेच जण नातेवाइकांच्या शेतातून गोणीभर माती आणतात. बागेवर वर्षभर काय काय फवारलं जातं ते बागाईतदारालाच विचारा. कीटक मारायला केलेलं औषध कोळ्याला सोडत नाही. याच कारणानं बांधावरचे रातकिडे आणि नाकतोडे पकडून कोळ्याला खायलाही घालू नयेत.

आता ओल किती? हे मला कुठल्या व्हिडिओनं शिकवलं नाही, तासगावच्या मामानं शिकवलं. मामा कशाला तरी घरी आला होता. मी मोठ्या अभिमानानं डबा दाखवला. काच धुकटलेली, माती काळीकुळकुळीत, फवारा शेजारी तयार. मामानं कोळ्याकडे बघितलंच नाही. झाकण उघडायला लावलं, चमच्यानं कोपऱ्यातली माती काढून मुठीत दाबली. बोटांच्या फटीतून पाणी टपकलं.

"अरे, वाफसा कुठं आहे यात? चिखल केलायस नुसता. यात बी पेरलं तरी कुजंल."

"मामा, पण हवेत ओल पाहिजे ना त्याला?"

"मुळाला पाणी लागतं तसा वाराही लागतो. वाफसा म्हणजे दोन्ही."

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यांना हा शब्द सांगायला नको. बाकीच्यांसाठी: पाऊस उघडल्यावर एक-दोन दिवसांनी जमीन अशा अवस्थेत येते की मातीच्या कणांभोवती ओल असते आणि कणांमधल्या पोकळीत हवा असते. तेव्हा पेरणी करतात. डब्यातली माती तशीच हवी. परीक्षाही तीच. मूठभर माती दाबा. मुटका झाला पाहिजे, पाणी गळता कामा नये. मग तो मुटका कमरेच्या उंचीवरून खाली टाका. फुटून मोकळा झाला तर वाफसा आहे. तसाच थापटला तर पसरून वाळवा. हवेतच विस्कटला तर चमच्या-चमच्यानं पाणी घाला.

वाफशावर आलेली माती डब्यात भरा, मध्यम कोळ्याला दहा-बारा सेंटीमीटर, बीळ करणाऱ्याला त्याहून जास्त. हातानं हलकी दाबत चला. एका कोपऱ्यात थंड पेयाची जाड स्ट्रॉ किंवा प्लास्टिकच्या नळीचा तुकडा तळापर्यंत उभा खुपसून ठेवा. पुढं पाणी घालायचं ते या नळीतून. ते तळाशी पोचतं, खालचा थर ओला राहतो, वरचा थर सुकतो. कोळ्याला ओल हवी तर तो खाली जाईल, कोरडं हवं तर वर बसेल. निर्णय त्याचा. चिलीच्या रोज हेअरसारख्या कोरड्यातल्या कोळ्याला ही नळीसुद्धा लागत नाही. त्याची माती सुकी ठेवा आणि वाटीच्या कडेला थोडं पाणी सांडू द्या, इतकंच.

फवारा मी तेव्हापासून झाडांना ठेवलाय. फवाऱ्यानं हवेतला आकडा अर्धा तास वाढतो, मातीचा वरचा थर भिजतो, खालचा कोरडाच राहतो. हवं त्याच्या नेमकं उलटं. पानांवरचं पाणी पिणाऱ्या, झाडावर राहणाऱ्या जातींसाठी कधीमधी एका बाजूच्या काचेवर मारायला हरकत नाही.

पाण्याची वाटी

उथळ, जड, रोज ना रोज भरलेली. स्पंज, कापूस टाकू नका, ते आठवड्यात सडतात. नळाचं पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून वापरलं तरी चालतं. 'बुडेल' ही भीती काढून टाका, उथळ वाटीत टॅरँटुला बुडत नाही.

मीटर आणि त्याचं खोटं बोलणं

तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा, वायरच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल मीटर घ्या. घड्याळासारखा काट्याचा घेऊ नका, तो बहुधा स्वतःच्या मनानं चालतो. सेन्सर कोळ्याच्या लपायच्या जागेजवळ, मातीच्या थोडा वर. भिंतीवरचा खोलीचा आकडा आणि डब्यातला आकडा यांत माझ्याकडे उन्हाळ्यात दोन अंशांचा फरक पडतो.

आणला की आधी मिठाची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात साधं मीठ भरा, त्यात थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ पूर्ण विरघळता कामा नये. ते झाकण आणि मीटर हवाबंद झिपच्या पिशवीत किंवा घट्ट डब्यात बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आर्द्रता ७५ टक्के दिसली पाहिजे. ओल्या मिठावरची हवा खोलीच्या तापमानाला तिथंच स्थिरावते. माझा मीटर ६८ दाखवायचा. आता मी मनात सात मिळवतो.

आणि आकडा दिसला की घाबरायचं नाही, कारण आर्द्रतेचा टक्का हा सापेक्ष आहे. हवा जितकी गरम तितकी तिची पाणी धरून ठेवायची ताकद जास्त. सकाळी २५ अंशांवर ६० टक्के असलेली हवा, तिच्यातलं पाणी तेवढंच राहून ४० अंशांवर गेली, तर टक्का साधारण २७ होतो. पाणी कुठंही गेलेलं नसतं. नवखा माणूस दुपारी २७ बघतो, डबा भिजवतो, रात्री तापमान उतरलं की तोच डबा ९० वर जातो आणि काचेवर थेंब जमतात. आठवडाभरात बुरशी. वाटीत पाणी आणि खालच्या मातीत वाफसा असेल तर दुपारच्या आकड्याकडे दुर्लक्ष करा.

मार्च ते मे: माठ गार पडतो तेव्हा

फेब्रुवारी-मार्चपासून आपल्याकडे बेदाण्याची शेड भरतात. सावलीत, रॅकवर टाकलेली द्राक्षं पंधरवड्यात सुरकुततात. तीच हवा तुमच्या कोळ्याच्या डब्यातून वाहते. मोठ्या टॅरँटुलाच्या कातडीवर मेणचट थर असतो, त्यामुळे तो लगेच बेदाणा होत नाही. पण पोटाखाली पुस्तकाच्या पानांसारखी रचलेली फुफ्फुसांची दोन जोडकी उघडी असतात आणि तिथून पाणी जात राहतं. पिल्लांची कातडी पातळ, त्यांना दोन दिवसही भारी.

तापमानाचा हिशेब असा ठेवा. २२ ते ३० मध्ये बहुतेक जाती खुशाल असतात. ३०-३३ ला काही बिघडत नाही, भूक वाढते, वाढ लवकर होते. ३५ च्या वर गेलं की हालचाल सुरू करा. ३८-४० म्हणजे जिवावर बेतू शकतं. थेट ऊन लागलेला बंद डबा तर काही मिनिटांत भट्टी होतो. खिडकी, गच्चीचा जिना, उभी गाडी, सगळं वर्ज्य.

पहिलं काम जागा बदलणं. ऊन हवा वर जाते, त्यातून वर तापलेला स्लॅब. आमच्या एकाच खोलीत माळ्याजवळ ३९ आणि फरशीवर ३५ असं मी मोजलंय. म्हणजे डबा कपाटावरून उतरवून फरशीजवळ ठेवला की चार अंश फुकटात मिळाले. पश्चिमेची भिंत टाळा, ती संध्याकाळी सातपर्यंत तापलेली असते. तळमजल्यावर कुणी नातेवाईक असतील आणि त्यांची हिंमत असेल, तर मे महिना कोळी त्यांच्याकडे काढेल.

दुसरं काम माठाचं तत्त्व वापरणं. कुंडीखालची मातीची पसरट थाळी घ्या, तिच्यात दोन बोटं वाळू भरा, वाळू भिजवा आणि डबा तिच्यात ठेवा. डब्याच्या बाजूंना ओलं गोणपाट गुंडाळा, भोकं मात्र उघडी सोडा. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. कोरड्या हवेत हे चांगलं चालतं: दुपारी पंखा मंद ठेवून मला डब्यात तीन-चार अंशांचा फरक मिळतो. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा वाळू भिजवायची. वीज गेली तरी हे चालू राहतं, आणि उन्हाळ्यात वीज जाते कधी हे वेगळं सांगायला नको.

कूलर असेल तर त्या खोलीत डबा ठेवा, झोत अंगावर नको. एसीचंही तेच. आमच्याकडे यावरून एकदा झालं. आई दारात उभी राहून म्हणाली, "कोळ्याला कूलर आणि मला स्वयंपाकघरात पंखासुद्धा नाही." त्या मे महिन्यात स्वयंपाकघरात पंखा बसला.

मीटर ३७ ओलांडून वर चालला तर पाण्याची बाटली गोठवून, फडक्यात गुंडाळून डब्याच्या बाहेर, एका बाजूला टेकवा. आत बर्फ टाकू नका. एका बाजूला गारवा आणि दुसरीकडे नेहमीची हवा असली की कोळी स्वतः जागा निवडतो. त्या दिवसांत खायला कमी द्या, पाणी जास्त द्या, आणि बिळात गेलेल्याला उकरून बाहेर काढू नका. रानातही हे प्राणी असाच उन्हाळा काढतात. वीतभर-हातभर खाली जमीन दुपारी फारशी तापत नाही.

ओल्या वाळूला मुंग्या येतात. घरी दुधाच्या जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असायच्या, तसं करा: थाळी एका स्टुलावर, स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. मुंग्यांचा खडू किंवा पावडर घराबाहेरच ठेवा. झुरळांचा स्प्रे, डासांचं लिक्विड मशीन, कॉइल यांतलं काहीही कोळ्याच्या खोलीत नको. महापालिकेची धुराची गाडी गल्लीत शिरली की खिडक्या लावा आणि डबा आतल्या खोलीत न्या.

जून ते सप्टेंबर: माठ गार पडत नाही तेव्हा

पावसाळा लागला की एक दिवस माठाचं पाणी कोमट लागतं. बाहेरची हवा आधीच भरलेली, माठाच्या अंगावरचं पाणी उडणार कुठं? तो दिवस माझ्यासाठी खूण असते. त्या दिवसापासून वाळूची थाळी आणि गोणपाट काढून टाकायचं, नळीतून पाणी घालणं थांबवायचं. फक्त वाटी भरायची. उन्हाळ्यात जो डबा आठवड्यात सुकायचा तो आता महिनाभर सुकत नाही.

या दिवसांत कोळी मरतो तो कोंदटपणानं. भोकं जाळ्यानं किंवा मातीनं बुजली आहेत का ते बघा. कोळी हे काम फार मन लावून करतो. खोलीत पंखा चालू ठेवा. मातीवर पांढरा कापूस दिसला तर चमच्यानं तेवढा भाग काढून टाका, वर कोरडी माती पसरा. उरलेलं खाणं, म्हणजे कोळ्यानं चघळून टाकलेली काळी गोळी आणि मेलेला रातकिडा, दुसऱ्या दिवशी चिमट्यानं उचला. लांब चिमटा वापरा आणि तोंड डब्यावर झुकवू नका. अमेरिकेकडच्या बहुतेक जाती पोटावरचे केस झाडून उडवतात आणि ते डोळ्यात गेले तर दवाखाना गाठावा लागतो.

मातीवर बारीक पांढरे जीव उड्या मारताना दिसले तर राहू द्या, ते बुरशी खातात. उड्या न मारता घोळक्यानं रांगणारे आणि कोळ्याच्या तोंडाशी जमणारे ठिपके म्हणजे माइट. मग सगळी माती काढून कोरडी भरायची, डबा गरम पाण्यानं धुवायचा. कुबड काढल्यासारख्या बारीक माश्या काचेवर धडपडत पळताना दिसतात, त्या सडक्या खाण्यावर अंडी घालतात. भोकांवर बाहेरून मलमलीचा तुकडा चिकटवा, हवा जाते आणि माशी जात नाही.

कोयनेकडच्या गावांत, महाबळेश्वरात तर भिंतींना पाझर फुटतो. तिथं मी डब्याला नेहमीच्या दुप्पट भोकं पाडायला सांगेन आणि माती पावसाळ्याआधीच पूर्ण कोरडी करून ठेवायला.

आणि पूर. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला आयर्विन पुलाजवळची पातळी ऐकत बसलेल्यांना हे पटेल. वीज नाही, घर सोडायचंय, हातात दोन पिशव्या. आधीच एक प्रवासाचा डबा तयार ठेवा: मुठीएवढ्या, भोकं पाडलेल्या डब्यात ओलसर टिश्यू पेपर, बाहेरून रबर. मोठा कोळी अशा डब्यात आठवडाभर सहज राहतो, खाण्यावाचून तर त्याहून कितीतरी जास्त. रोज टिश्यूवर काही थेंब पाणी टाकलं की झालं. उबेच्या यंत्रावर जगणारा कोळी अशा वेळी आधी जातो, म्हणून यंत्राची सवय लावू नये असं माझं मत आहे.

हिवाळा

सांगलीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे गारठा असतो, पण बंद घरात १८-२० च्या खाली क्वचितच जातं. कोळी मंदावतो, खात नाही, बस. रोज हेअर तर महिनोन्‌महिने उपाशी बसतो आणि मालकच वाळतो. काही करू नका.

पाचगणी-महाबळेश्वरात, किंवा साताऱ्यात उघड्यावरच्या घरात खोली १५ च्या खाली जात असेल तर डबा थर्मोकोलच्या खोक्यात ठेवून शेजारी गरम पाण्याची बाटली ठेवा. खोक्याला हवेची फट सोडा. हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, वापरायचीच असेल तर थर्मोस्टॅटसकट (ठरल्या तापमानाला ती आपोआप बंद करणारं यंत्र) आणि डब्याच्या बाजूला लावायची, खाली कधीच नाही. रानात ऊन वरून येतं, म्हणून उकडलं की कोळी खाली खणतो. मॅट खाली असेल तर तो उष्णतेपासून पळत उष्णतेकडेच जातो. तो साडेआठशेचा लॅम्प मी आता सोल्डरिंग करताना उजेडाला लावतो.

पिल्लं

नखाएवढ्या पिल्लाला मोठा डबा नको, चटणीची छोटी डबी पुरते. माती वाफशावर, एक कोपरा कायम ओला, आठवड्यातून दोनदा जाळ्यावर एखादा थेंब. एप्रिल-मेमध्ये रोज बघा. मोठ्या कोळ्याला जे सुचवलं त्यातलं 'सुकू द्या' हे पिल्लांना लागू नाही, अगदी कोरड्या जातीच्याही.

कोळी काय सांगतोय

मीटरपेक्षा कोळ्याकडे बघायची सवय लावा. सतत काचेवर लटकलेला, मातीला पाय लावायला तयार नाही: माती फार ओली. वाटीवर ठाण मांडून, पोट सुरकुतलेलं: तहान. डब्यात रात्रभर येरझाऱ्या: गरम होतंय किंवा जागा नवी आहे.

पाय हळूहळू पोटाखाली मुडपू लागले, मुठीसारखे, तर लगेच हालचाल करा. कोळ्याच्या पायाच्या मुख्य सांध्यांत पाय सरळ करणारे स्नायू नसतात. जेसीबीचा हात तेलाच्या दाबावर उघडतो तसे त्याचे पाय शरीरातल्या द्रवाच्या दाबावर उघडतात. पाणी कमी झालं की दाब कमी, आणि पाय आत. मऊ ब्रशनं किंवा चमच्यानं त्याला उचलून पाण्याच्या वाटीच्या कडेवर असं ठेवा की तोंड पाण्याला लागेल आणि पोट बाहेर राहील, कारण फुफ्फुसं पोटाखाली आहेत. सावलीत ठेवा आणि तासभर त्याच्याकडे बघूही नका. माझी कोळीण त्या पहिल्या मे महिन्यात अशीच होती. चाळीस मिनिटांनी एक पाय सुटला, मग दुसरा.

कात टाकताना मात्र उलटं. कोळी पाठीवर उताणा पडतो, पाय वर. नवखा माणूस हमखास मेला समजून उचलतो आणि तिथंच मारतो. मेलेला कोळी सहसा पाठीवर नसतो, तो पाय मुडपून पोटावर असतो. काताआधी काही दिवस-आठवडे खाणं सुटतं, पोट गडद आणि तुकतुकीत होतं. या काळात खालची माती थोडी जास्त ओली ठेवा, वाटी भरलेली ठेवा आणि डब्यात जिवंत किडा राहू देऊ नका. कात टाकून मऊ पडलेल्या कोळ्याला रातकिडासुद्धा कुरतडतो. उताणा पडला की पाणी नाही, फवारा नाही, जागा हलवणं नाही.

कात टाकून झाल्यावर काचेतून त्याचे सुळे बघा. आधी दुधासारखे पांढरे असतात, मग तांबूस, मग काळे. पिल्लाला चार-पाच दिवस लागतात, मोठ्याला दहा-चौदा. काळे झाले की रातकिडा सोडा.